पडद्यावरचे विज्ञान आणि आपले शिवार

वाचकहो, जत्रेच्या वेळी तंबूतला सिनेमा पाहिलेली मंडळी तुमच्या घरात अजून असतील. पुढे बसायला पोते, मागे जनित्राचा धडधडाट, मध्येच रीळ तुटले की शिट्ट्या. आता तोच सिनेमा पोराच्या खिशातल्या मोबाइलवर आला आहे. पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे. उद्याचा दिवस कसा असेल, यंत्र आले की माणसाचे काय होईल, विज्ञान आपले भले करील की बुडवील, हे सिनेमा आपल्याला सांगत असतो. आपण ते ऐकतो, थोडेफार खरे मानतो, आणि त्यावरून घरात नवी वस्तू आणायची की नाही हेही कधी कधी ठरवतो. म्हणूनच पडद्यावरची ही वचने एकदा नीट पारखून घ्यावीत असे वाटले.

उडत्या मोटारींचे आणि बोलणाऱ्या यंत्रमानवांचे चित्रपट पुष्कळ आहेत. ते शहरातल्या पोरांना लखलाभ. ज्या चित्रपटांत शेत आहे, जनावर आहे, पाणी आणि वीज आहे, तेवढेच आपण घेऊ.

१९५७ साल, दोन चित्रपट

स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे झाली होती. देशात धरणे बांधली जात होती, कारखाने उभे राहत होते. त्याच वर्षी दोन मोठे हिंदी चित्रपट आले. मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' आणि बी. आर. चोप्रा यांचा 'नया दौर'. दोन्ही तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असणार.

'मदर इंडिया'ची सुरुवात आठवा. म्हातारी राधा मातीचे ढेकूळ हातात धरून बसली आहे आणि शेतातून ट्रॅक्टर चालला आहे. मग धरण, विजेचे मनोरे, पूल, माती ओढणारी अवजड यंत्रे. गावकरी तिला नव्या पाटाचे पाणी सोडायला घेऊन जातात. तिथून गोष्ट मागे जाते. पाचशे रुपयांच्या कर्जापोटी तीन हिस्से पीक सावकाराच्या घरात जाते. पडीक जमीन मोकळी करताना भला मोठा दगड अंगावर येतो आणि नवऱ्याचे दोन्ही हात चिरडतात. ज्या दगडाने त्या घराचा कर्ता माणूस नेला, तसले दगड उचलणारी यंत्रे चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यांत दिसलेली असतात. हे पाहिले म्हणजे १९५७ सालच्या माणसाला यंत्राची एवढी ओढ का होती ते समजते. ज्याने बैल मेल्यावर स्वतःच्या खांद्यावर जू घेतले आहे, त्याला ट्रॅक्टर शोभेची वस्तू वाटत नाही.

पण त्या चित्रपटाने एक गोष्ट सांगितली नाही. धरणाच्या भिंतीमागे ज्यांची गावे पाण्याखाली गेली, ती माणसे चित्रात कुठेच नाहीत. आणि पाटाचे पाणी आल्यावर पुढे जमिनीचे काय होते, तेही नाही. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ते कोणी सांगायला नको. उसाला वर्षानुवर्षे पाणी तुंबवून दिले, निचऱ्याची सोय केली नाही, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी काळ्याभोर जमिनी खारवटून पांढऱ्या पडल्या. पाणी देणे हे जसे विज्ञान, तसे जादा पाणी काढून देणे हेही विज्ञानच. फक्त चर खणण्याच्या कामाचे उद्घाटन कोणी हार घालून करत नाही, म्हणून ते सिनेमात येत नाही.

त्याच चित्रपटातला धाकटा मुलगा बिरजू. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, हे त्याचे खरे दुखणे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे एका काचेच्या नळीच्या निमित्ताने ती परत येणार आहे.

'नया दौर'चा झगडा वेगळा. शेठजींचा शहरातून शिकून आलेला मुलगा लाकडाच्या गिरणीत विजेची करवत आणतो आणि करवती चालवणारी माणसे घरी बसतात. मग तो बस आणतो आणि टांगेवाल्यांचा घास काढतो. शंकर टांगेवाला म्हणजे दिलीपकुमार पैज लावतो. गावकरी मिळून रस्ता बांधतात आणि शर्यतीत टांगा बसला हरवतो. लोकांनी टाळ्या पिटल्या. आपणही पिटल्या.

आता खरे सांगायचे तर ही शर्यत खोटी आहे. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पुण्याला धावली आणि त्यानंतर कोणत्याही घोड्याने तिला गाठले नाही. गाठावे असेही कोणाला वाटले नाही, कारण त्याच एस. टी.ने आपली पोरे तालुक्याच्या शाळेत नेली आणि बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोहोचवली. मात्र चित्रपटातले भांडण खरे आहे. शंकरचे म्हणणे यंत्र नको असे नाहीच. यंत्राने वाचलेल्या मजुरीचे पैसे कोणाच्या पेटीत पडणार, एवढेच तो विचारतो. ऊसतोडीचे यंत्र फडात शिरते तेव्हा तोडकरी टोळीही हेच विचारते. चित्रपटाने त्याचे उत्तर शर्यतीत दिले. खऱ्या जगात ते कोणाच्या ना कोणाच्या हिशेबात द्यावे लागते.

मक्याचे शेत आणि मंगळावरचा बटाटा

परदेशी चित्रपटांत शेती क्वचितच येते, आणि आली की बहुधा घाबरवायला येते. १९७३ साली अमेरिकेत 'सॉयलेंट ग्रीन' नावाचा चित्रपट निघाला. त्यात २०२२ साल दाखवले होते. माणसे उदंड झाली, धान्य संपले, लोक कारखान्यातल्या वड्या खाऊन जगतात, आणि त्या वड्या कशाच्या हे कळल्यावर अंगावर काटा येतो. २०२२ साल येऊन गेले. जगात भूक आहे, पण तसे काही झाले नाही. आपल्या देशात १९६४-६५ साली सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू होत होता, तो आता दहा कोटी टनांच्या वर जातो. भाकीत चुकले ते बुटक्या जातीच्या गव्हामुळे, खतामुळे, पाण्यामुळे आणि शेतकऱ्याने ते सारे अंगावर घेतल्यामुळे. त्या खतापाण्याची किंमत जमिनीने आणि विहिरीने किती मोजली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

२०१४ साली 'इंटरस्टेलर' हा क्रिस्टोफर नोलान यांचा मोठा चित्रपट आला. त्यात गहू रोगाने गेला आहे, भेंडीचे शेवटचे पीक जाळावे लागते आणि फक्त मका उरला आहे. धुळीची वादळे घरात शिरतात, ताटे उपडी ठेवावी लागतात. नायक पूर्वी यान चालवणारा, आता मका पिकवणारा. शाळेत त्याला सांगतात की जगाला आता इंजिनियर नकोत, शेतकरी हवेत, तुमचा मुलगा शेतकरीच होईल. त्याला ते लागते. आपल्याकडे याच्या नेमके उलटे बोलणे चालते, तेव्हा हे दृश्य पाहून शेतकऱ्याने हसावे की रडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या चित्रपटातील मका खरा होता. कॅनडात अल्बर्टा प्रांतात सुमारे पाचशे एकर मका त्यासाठी मुद्दाम लावला, चित्रण झाल्यावर पीक विकले आणि त्यात नफाही झाला. सिनेमावाल्यांना पहिल्याच हंगामात शेती परवडली, हे आपल्या वाचकांनी जरा मोठ्याने वाचावे.

धुळीची वादळेही कल्पनेतली नव्हेत. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात तसे खरोखर घडले. शतकानुशतके गवताने बांधून ठेवलेली जमीन गव्हाच्या भावाच्या आशेने नांगरली गेली. ट्रॅक्टर नवे होते, त्यामुळे जे काम बैलाघोड्यांना पिढी लागली असती ते काही वर्षांत झाले. मग पाऊस गेला आणि उघडी माती आकाशात उडाली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ तर तिथे 'काळा रविवार' म्हणूनच ओळखले जाते. 'इंटरस्टेलर'मध्ये सुरुवातीला जी म्हातारी माणसे धुळीच्या आठवणी सांगतात, त्यांतली बरीचशी ते दिवस प्रत्यक्ष पाहिलेली माणसे होती. त्यांच्या मुलाखती आधीच्या एका माहितीपटातून घेतल्या होत्या.

'इंटरस्टेलर'चे विज्ञान त्यावर काय उपाय सांगते? पृथ्वी सोडून चला. अमेरिकेच्या शेतकऱ्याने मात्र तसे केले नाही. सगळ्यांना ते शक्यही नव्हते. १९३५ साली तिथे मृदसंधारणाचे सरकारी खाते निघाले. उताराला आडवी नांगरट, पट्टापद्धतीने पिके, पडीक जमिनीवर परत गवत, आणि वाऱ्याला अडवायला झाडांच्या रांगा असा कार्यक्रम झाला. १९३४ ते १९४२ या काळात सुमारे बावीस कोटी झाडे लावली गेली. सरकारने १९३६ साली यावर एक छोटा चित्रपटही काढला, 'द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स'. त्यात ट्रॅक्टरांची रांग आणि लढाईतले रणगाडे आलटून पालटून दाखवले आहेत. सरकारी पैशाने निघालेल्या चित्रपटाने इतके कडवे बोलावे, हे नवलच. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडत, पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे करत ज्यांनी दिवस काढले, त्यांना ही सारी कामे ओळखीची वाटतील. समतल बांध घालायलाही मोजणीचे ज्ञान लागते. पण त्यात रॉकेट नाही, म्हणून तो पडद्यावर चमकत नाही.

याला एक गोड अपवाद आहे. 'द मार्शियन', २०१५. मंगळावर एकटा अडकलेला माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ असतो. त्याच्याजवळ सणाच्या जेवणासाठी आणलेले बटाटे असतात. तो डोळे राखून त्यांच्या फोडी करतो, मंगळाची निर्जीव माती तंबूत आणतो, तिच्यात सोबत्यांची विष्ठा खत म्हणून मिसळतो, इंधनातून पाणी तयार करतो आणि बटाटा उगवून दाखवतो. सोनखत आपल्या आजोबांनी वापरले, ते मंगळावर कामी आले. पुढे तंबूचे दार फुटते आणि एका क्षणात सारे पीक गारठून मरते. गारपिटीत द्राक्षबाग गेलेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगायला नको.

यात खरे किती? मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, हे २००८ साली तिथे उतरलेल्या फिनिक्स यानाने दाखवले. ते धुऊन काढल्याखेरीज तिथला बटाटा खाण्याजोगा होणार नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या यानाने चंद्रावर नेलेल्या बंद डब्यात एक बी खरेच अंकुरले. कशाचे असेल? कपाशीचे. चंद्राची लांबलचक रात्र सुरू झाली आणि ते रोप थंडीने मेले. बोंडअळी यायच्या आत गेले, असे आमचे एक वऱ्हाडी स्नेही म्हणाले.

मेणवलीच्या घाटावरची वीज

२००४ साली आशुतोष गोवारीकर यांचा 'स्वदेस' आला. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर त्याचे बरेच चित्रण झाले. गोष्टीतले गाव मात्र उत्तर प्रदेशातले. अमेरिकेच्या नासात काम करणारा मोहन आपल्या कावेरीअम्माला न्यायला येतो आणि गावात गुंततो. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी अडवून, नळाने खाली आणून, त्यावर टर्बाइन फिरवून तो गावाला वीज देतो. म्हातारीच्या झोपडीत दिवा लागतो.

यातले गणित अगदी सोपे आहे. सेकंदाला शंभर लिटर पाणी दहा मीटर उंचीवरून पडले, तर त्यात सुमारे दहा किलोवॉटची ताकद असते. यंत्रात आणि नळात काही वाया जाऊन पाच-सहा किलोवॉट हाती येतात. एवढ्यात एका लहान पाड्याचे दिवे सहज लागतात. प्रश्न उन्हाळ्याचा. झरा आटला की दिवा विझतो.

मोहन ज्या उपग्रहावर काम करतो, तोही कल्पनेतला नाही. जगभरचा पाऊस मोजण्याची ती मोहीम खरोखर आखलेली होती, आणि चित्रपटानंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये तो उपग्रह जपानमधून आकाशात गेला. मला वाटते, चित्रपटातली सर्वांत भेदक जागा मात्र त्या यंत्रांची नाहीच. विणकाम सोडून शेती करू पाहणारा हरिदास आहे. धंदा बदलला म्हणून गाव त्याला पाणी देत नाही. आकाशातून पाऊस मोजणारा इंजिनियर त्याच्या झोपडीत बसून हे ऐकतो आणि त्याच्याजवळ बोलायला काही उरत नाही. परतीच्या वाटेवर स्टेशनात एक मूल पंचवीस पैशांना पाणी विकताना दिसते आणि मोहन ते घेऊन पितो.

नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात बिलगाव नावाचे आदिवासी गाव आहे. या चित्रपटाची प्रेरणा सांगताना त्याचे नाव घेतले जाते. तिथे २००३ साली धबधब्याच्या पाण्यावर पंधरा किलोवॉटचा लहान प्रकल्प झाला. गावाने श्रमदान केले, बाहेरच्या जाणत्या तरुणांनी यंत्र बसवले, दिवे लागले. पण २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्यात तो बुडाला. 'स्वदेस'मध्ये दिवा लागतो आणि सगळे डोळे पुसतात. तिसऱ्या वर्षी काय झाले ते कोणताच चित्रपट दाखवत नाही, तिथपर्यंत तिकिटाचे पैसे पुरत नाहीत.

आज हे सांगण्याचे कारण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, त्यात किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मदत ठेवली होती. नऊवारीतली बाई यंत्र उडवते आहे, हे चित्र सिनेमासारखेच सुंदर आहे आणि ते खरेही आहे. ताईंनो, गटात ड्रोन घ्यायचे ठरले तर विचारा, बॅटरी खराब झाली की नवी केवढ्याला, पंखा मोडला तर दुरुस्ती तालुक्याला होते की पुण्याला, आणि हंगामाबाहेर हप्ता कशातून भरायचा. हे विचारणाऱ्या बाईला कोणी मागासलेली म्हणाले तर खुशाल म्हणू द्या.

दोन रुपयांचा चित्रपट

शेवटी ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो चित्रपट. श्याम बेनेगल यांचा 'मंथन', १९७६. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांत तो झाला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. बिंदू झाली आहे स्मिता पाटील. जनावरांचे डॉक्टर राव म्हणजे गिरीश कर्नाड, आणि गावाचे दूध हवे त्या भावाने उचलणारा मिश्रा म्हणजे अमरीश पुरी.

डॉ. राव गावात येतात ते कोणते यंत्र घेऊन? धरण नाही, ट्रॅक्टर नाही. दुधातली फॅट मोजायची एक काचेची नळी. तुमच्यापैकी जुन्या सोसायटीवर काम केलेल्यांनी ती हाताळली असेल. नळीत दहा मिलिलीटर तीव्र गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिलिलीटर दूध, एक मिलिलीटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचे. आम्ल दुधातली प्रथिने विरघळवते, नळी हाताला चटका देण्याइतकी तापते. मग चाकात घालून काही मिनिटे गरगर फिरवायची. हलकी चरबी मानेत वर येऊन थांबते आणि बाजूच्या खुणांवर तिचा आकडा वाचायचा. झाले. गर्बर नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बसवलेली ही रीत.

पण या नळीने गावात काय उलथापालथ केली बघा. तोवर दुधाचा भाव मिश्रा ठरवी. दूध पातळ आहे म्हणाला की पातळ. आता म्हशीच्या दुधाला फॅट सहा की सात, हे ज्याची म्हैस त्याला दिसू लागले. सावकाराची वही न वाचता येणाऱ्या बिरजूची आठवण इथे होते. बिंदूला ते आकडे हवे आहेत, पण बाहेरून आलेल्या शहरी माणसावर तिचा विश्वास नाही, आणि तो का असावा? चित्रपट तिची ही शंका मूर्खपणा म्हणून दाखवत नाही. मला यात तेंडुलकरांचा हात दिसतो.

आणि नळी आली म्हणून सारे सुधारले, असेही होत नाही. सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच हरतो, दलित वस्तीचा माणूस निवडून येतो, आणि तिथून सूड सुरू होतो. वस्तीला आग लागते. मिश्रा मदतीच्या मिषाने कर्ज देऊन दूध बांधून घेतो. बिंदूचा नवरा तिच्या म्हशीला विष घालतो. न वाचता येणाऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला जातो आणि तोच कागद डॉ. रावांवर आरोप म्हणून उभा राहतो. डॉक्टरांची बदली होते. सोसायटी पुन्हा चालू करतो तो भोळा, म्हणजे नसीरुद्दीन शाह, वस्तीतला तापट पोरगा, ज्याचा सुरुवातीला या सगळ्याला विरोध होता. विज्ञान आणणारा निघून गेला आणि ज्याला ते हवे होते त्याने ते हातात घेतले.

१९५०-५१ साली देशात सुमारे एक कोटी सत्तर लाख टन दूध होत होते. २०२२-२३ साली ते तेवीस कोटी टनांवर गेले. काचेच्या नळीच्या जागी विजेवर चालणारे यंत्र आले, दूध ओतले की मिनिटाभरात आकडा. पण ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ.च्या पावतीवरून आपल्या डेअरीच्या दारात आजही रोज जी हुज्जत होते, ती ऐकली की 'मंथन' जुना वाटत नाही. यंत्र खरे आहे की नाही याची तपासणी कोण करतो, कधी करतो, आणि ती करताना उत्पादक हजर असतो का, एवढे आपापल्या सोसायटीच्या सभेत विचारून पाहा. सभेला घरची बाईमाणसे गेली तर फार बरे, कारण धार काढतात त्या आणि सही दुसऱ्याची असते.

चित्रपट पाहायला शेतकरी ट्रकमधून भरभरून आले, कारण तो त्यांच्या दोन रुपयांचा होता. २०२४ साली त्याची खराब झालेली मूळ प्रत दुरुस्त करून तो फ्रान्समध्ये कान येथे दाखवला गेला आणि मग आपल्याकडच्या थिएटरांत परत आला. पण त्याचा खरा प्रवास त्याआधीच झाला होता. दूध संघाचे पथक नव्या मुलखात सोसायटी काढायला निघे तेव्हा त्याच्या लहान रिळांच्या प्रती बरोबर नेल्या जात. पथकात जनावरांचा डॉक्टर असे, दूध तपासणारा असे, वैरणीचा जाणकार असे. रात्री चौकात पडदा लावून 'मंथन' दाखवायचा. सकाळी डॉक्टर गोठ्यात, तपासनीस नळी मांडून ओट्यावर, आणि लोक आपापल्या चरव्या घेऊन रांगेत.